इतक्या वर्षांनी बोलून काय उपयोग?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल पन्नाशीत तोंड उघडणाऱ्यांविषयी. पुरावा उरलेला नाही, करणारा म्हातारा झालाय नाहीतर गेलाय, तेव्हा इतक्या वर्षांनी बोलून काय उपयोग, असा त्यांचा सवाल. पत्र सभ्य भाषेत होतं. त्यांनी खवचटपणे विचारलं असंही मला वाटलं नाही. माझे वडील असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं. मी त्या पन्नाशीतल्यांपैकी एक आहे, म्हणून उत्तर देतो. जरा लांबेल. छाटायचंच झालं तर कायद्याचा भाग छाटा, बाकीचं राहू द्या.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग पुन्हा करायचं दुकान चालवतो. आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं आणि धंद्याला लागलो. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळतात आणि माझा सीझन सुरू होतो. त्याआधी, १९८५ च्या सुमारास, मी पैलवान होणार होतो. सहावीत असताना वडिलांनी तालमीत घातलं. भिंतीवर मारुतीची तसबीर, शेजारी खाशाबा जाधवांचा फोटो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या माणसानं १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं, तेही हलक्या वजनात. मी अंगानं बारीक, त्यामुळे खाशाबा होण्याचं स्वप्न मला परवडण्यासारखं होतं. हौद्यातली तांबडी माती, तीत ताक, तेल, हळद, कापूर. तो वास मला आवडायचा. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं कित्येक वर्षं तो वास आला की मला मळमळायचं, आणि एकेकाळी आवडायचा हे मी विसरूनच गेलो होतो.

तालमीत एक मोठा पैलवान होता. पंचविशीचा, पंचक्रोशीत नाव असलेला. सगळे त्याला आण्णा म्हणायचे. धाकट्या पोरांनी वरच्या पैलवानांची मालिश करायची, असा रिवाज. आण्णानं मला उलटं सांगितलं: तुझं अंग अजून कच्चं आहे, मी तुझी मालिश करतो. मागच्या खोलीत, दार लावून. हे दोनेक वर्षं चाललं. याहून जास्त मी लिहिणार नाही, ज्याला कळायचं त्याला कळतं. एवढंच सांगतो की खुराक म्हणून तो मला दूध-बदाम द्यायचा, आणि मी ते प्यायचो. या दुधाबद्दल पुढं येईल.

आठवीत मी तालीम सोडली. वडिलांना सांगितलं, अभ्यास आहे. ते म्हणाले, ‘शेळपट निघालास.’ ते वारले तेव्हाही त्यांचं माझ्याबद्दल तेच मत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही.

आता कायदा. पत्रलेखकांचं एक म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे: कोर्टात माझ्या बोलण्याचा काही उपयोग नाही. १९८५ साली भारतीय दंड संहितेत बलात्काराचं कलम फक्त बाईसाठी होतं, विनयभंगाचं ३५४ हेही बाईसाठीच. मुलग्यासाठी उरायचं ते ३७७, ‘अनैसर्गिक’ संभोगाचं. म्हणजे दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं एकत्र आली तरी तेच कलम, आणि बारा वर्षांच्या पोरावर कुणी हात टाकला तरी तेच. राजीखुशीचा भाग सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये त्यातून काढला. मुलग्यांना नीट जागा मिळाली ती पोक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या खास कायद्यानं. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्यात अठराच्या आतलं कुणीही, मुलगा असो की मुलगी, ‘बालक’ आहे. पण हा कायदा मागच्या गोष्टींना लागत नाही. तेव्हा वकील, फिर्याद, तारीख या वाटेनं मला काही मिळणार नव्हतं आणि मी गेलोही नाही. ज्यांना ती वाट उघडी आहे त्यांनी जरूर जावं.

मला मिळालं ते दुसरीकडे. मी स्वतःकडे बघायचो तेव्हा मला कोण दिसायचं, ते बदललं. उपयोग म्हणतात तो हाच, पण ‘बदललं’ एवढ्यानं कुणाला काही कळणार नाही.

आधी काय दिसायचं ते सांगतो. लग्नात हळदीला मी बनियन काढलं नाही. करवल्या हसल्या, मामा रागावले, शेवटी हळद बनियनवरच लागली. विहिरीवर पोहायला गेलो तरी अंगात शर्ट. मुलगा झाला तेव्हा त्याला मी एकदाही आंघोळ घातली नाही, मांडीवर घेऊन तेल लावलं नाही. घरात सगळ्यांना वाटलं, बाप तापट, पोराची हौस नाही. खरं कारण असं की मला माझ्या हातांची भीती होती. ज्याच्यावर झालं तो पुढं तेच करतो, असं मी कुठंतरी ऐकलं होतं आणि ते माझ्यासाठीच सांगितलंय असं धरून बसलो होतो. चांगल्या बापासारखं वागायचं म्हणून मी पोराला शिवलो नाही. पत्रलेखकांनी विचारलेला ‘उपयोग’ मला वीस वर्षं आधी झाला असता, तर माझा मुलगा माझ्या हातून न्हाला असता.

२०२१ मध्ये माझा खांदा आखडला. डॉक्टरांनी व्यायाम आणि शेक सांगितला. फिजिओथेरपीचा मुलगा तरुण, भला. एक दिवस त्यानं तेलाचा हात पाठीला लावला आणि मी दगड झालो. बोलता येईना, हात हलवता येईना, घामानं चादर भिजली. त्यानं हात काढला, पुसला, आणि पहिलं काम केलं ते दार उघडायचं. त्याला काही माहीत असणं शक्य नव्हतं. मग म्हणाला, ‘काका, हे खांद्याचं दुखणं नाही. मिरजेला एक डॉक्टर आहेत, त्यांना एकदा भेटा.’ मी भेटलो. झोपेच्या गोळ्या मिळाल्या, आणि दर आठवड्याला समुपदेशनाला बसायला सांगितलं. समोर पुरुष नको एवढी एकच अट मी घातली. घरी सांगितलं, खांद्यासाठी जातोय.

पहिले काही आठवडे मी समुपदेशक मॅडमना मोटारींबद्दलच सांगत होतो. त्या ऐकत होत्या. मग एकदा, बरंच काही सांगून झाल्यावर, मी म्हणालो, ‘मी पैलवान होतो हो. जोर-बैठका मारणारा. मला एक हात उचलता आला नाही.’ त्यांनी विचारलं, तेव्हा तुमचं वजन किती होतं? म्हटलं, पस्तीसच्या आत-बाहेर. त्याचं? ऐंशीच्या पुढं असेल. त्या म्हणाल्या, ‘मला कुस्तीतलं कळत नाही. अशी जोड लावतात का?’

कुंडलचं कुस्तीचं मैदान ज्यानं पाहिलंय त्याला मी काय सांगू. जोड लावताना पंच दोघांना समोरासमोर उभं करतात, खांदे बघतात, वजनाचा अंदाज घेतात, आणि जोड बसत नसेल तर एकाला दंडाला धरून बाजूला काढतात. पस्तीस किलोचं पोर ऐंशीच्या गड्यापुढं कुणी सोडलं, तर माणसं पंचांनाच धरतील. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त मी ते पोर स्वतः आहे म्हणून कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात मागच्या खोलीत दोन पैलवान होते आणि त्यातला एक हरला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा एक पैलवान दिसला आणि एक सहावीतलं पोर. मी बाहेर येऊन सांगलीच्या स्टँडवर बसलो आणि माझी एसटी डोळ्यांसमोरून निघून गेली.

हात न उचलण्याबद्दल आणखी एक. अशा वेळी माणूस ओरडतो किंवा पळतो असं आपण धरून चालतो. शरीराची तिसरीही एक रीत असते: जागीच गोठून जाणं. ते माणूस ठरवत नाही, ते होतं. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांची पाहणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांचं शरीर त्या वेळी असंच लक्षणीय प्रमाणात गोठलं होतं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, त्या बायका. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मग माझं मलाच कळलं की वडिलांचं ‘शेळपट’ मी अजून सांभाळून ठेवलंय. गोठण्याइतकीच दुसरी एक गोष्टही आपल्या हातात नसते: शिवलं की शरीर आपसूक जे करतं ते. मुलग्यांना त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते आणि त्याबद्दलच कुणी बोलत नाही. त्याला होकार म्हणत नाहीत, एवढं या ओळी वाचणाऱ्या एखाद्याला पुरेल.

दुधाचं मात्र लवकर सुटलं नाही. कितीतरी दिवस मी म्हणायचो, बाकी ठीक आहे, पण मी दूध का प्यायलो? नको म्हणता आलं असतं. घेतलं म्हणजे सौदा झाला. यावर मॅडम काही शहाणपणाचं बोलल्या नाहीत, उलट विचारलं की घरी दूध किती यायचं. घरी एक म्हैस होती, दूध डेअरीला जायचं. आम्हाला चहापुरतं. तालमीत कुणी ग्लासभर दूध दिलं तर बारा वर्षांचं पोर ते पिणारच, आणि देणाऱ्याला ते नेमकं माहीत होतं. द्यायचं, लाडका करायचा, बाकीच्यांपासून वेगळा काढायचा, घरच्यांचा विश्वास मिळवायचा. ही सगळी त्याच कामाची तयारी असते. हे मला पटायला जवळजवळ वर्ष लागलं आणि अजूनही काही दिवशी पटत नाही. त्या दिवशी मी चहा कोरा घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी आहे, तिची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत अशा प्रदीर्घ आघातानंतरच्या दुखण्याला स्वतंत्र जागा दिलीय. मॅडमनी त्यातली लक्षणं मला मराठीत करून सांगितली. त्यात झोप, दचकणं हे होतंच, पण त्याबरोबर स्वतःला क्षुद्र, हरलेला, नालायक समजत राहणं, आणि त्याची लाज, हेही लक्षण म्हणून दिलेलं होतं. मी ते परत सांगायला लावलं. ज्याला मी माझा स्वभाव समजत होतो, ज्यावर वडिलांनी, वर्गातल्या पोरांनी, मी स्वतः शिक्का मारला होता, ते यादीत तापाशेजारी खोकला असावा तसं होतं. ताप येतो तसं आलेलं. उतरूही शकतं, असं.

याच काळात, २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये, दिल्लीत जंतरमंतरवर विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि इतर पैलवान धरणं धरून बसले होते. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला पैलवानांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. दुकानात मोबाइलवर बातम्या चालायच्या. एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘एवढ्या ताकदीच्या पोरी, एक ठेवून देता आली नाही? आणि इतकी वर्षं गप्प कशा?’ चार-पाच जण हसले. माझ्या हातात स्टार्टर होता. आधी मीही हसलो असतो, किंबहुना सगळ्यात मोठ्यानं. त्या दिवशी मी म्हणालो, ताकदीचा आणि याचा संबंध नसतो. बास, एवढंच. कुणी लक्षही दिलं नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, माणूस सुधारत सुधारत गेला. तसं झालं नाही. मध्ये एक काळ असा आला की मी फारच बिचारा झालो. धंद्यात उधारी बुडली, आण्णामुळे. मुलाशी पटत नाही, आण्णामुळे. रागानं पाना भिंतीवर फेकला, तोही आण्णामुळे. तोवर बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती रडली, दोन दिवस माझ्याकडे बघून बोलली नाही, मग पूर्वीसारखी झाली. ती एकदा म्हणाली, ‘अहो, त्यानं केलं ते त्याचं. पण सगळा प्रपंच त्याच्या नावावर चढवू नका, नाहीतर आपल्याकडे काय राहील?’ समुपदेशनाचे पैसे मी मॅडमना दिले, पण हे वाक्य फुकट मिळालं. माझा तापटपणा माझा आहे, चुलत्यांकडून आलाय. चिकटपणा आईकडून. कॉइल भरताना एकही आटा मोजायचा चुकत नाही, ते मी स्वतः कमावलंय. पूर्वी आरशात एक हरलेला पैलवान दिसायचा, मध्ये एक बिचारा दिसायचा, आणि हल्ली बहुतेक दिवस मोटारी भरणारा एक तापट माणूस दिसतो, ज्याच्याबाबतीत लहानपणी एक वाईट गोष्ट झाली. हे तुमच्या पेपरात छापण्यासारखं नाही, मला कल्पना आहे. अशा बातम्यांत एकतर आयुष्य उद्ध्वस्त झालेलं असतं, नाहीतर कुणीतरी राखेतून उठून शिखर गाठलेलं असतं. माझ्या ओळखीत आता असे आणखी दोन पुरुष आहेत. एक बँकेत आहे, दुसऱ्याची द्राक्षबाग आहे. कुणीच शिखर गाठलेलं नाही. बागवाला यंदा औषध फवारून वैतागलाय.

पोराला हात न लावण्याच्या भीतीचंही सांगतो, कारण ती कुणा तरुण बापाला असेल. अत्याचार सोसलेल्या मुलांतले बहुसंख्य मोठे होऊन कुणावरही अत्याचार करत नाहीत. आणि दुसरी भीती, जी मी मॅडमना सगळ्यात उशिरा सांगितली: या प्रकारानं आपण ‘तसले’ झालो का? माणसाचा कल असा कुणी हात लावून ठरत नाही. समलिंगी माणसांचा मी आयुष्यभर तिरस्कार केला, तोही आण्णाच्याच खात्यातला होता. त्यांचा आणि पोरांवर हात टाकणाऱ्यांचा काही संबंध नाही.

आण्णा २०२२ मध्ये वारला. गावात चौकाचौकात फ्लेक्स, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मिशीला पीळ दिलेला फोटो. तेराव्यापर्यंत मी रोज त्याच्या खालून दुकानात गेलो. एक जुना सोबती येऊन म्हणाला, ‘तू का आला नाहीस? त्याचा लाडका होतास तू.’ मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. दुःखही नाही. मी त्याला म्हटलं, काम होतं. खरंच होतं.

केंद्र सरकारनं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र आणि गोवाही त्यात होते. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. ते मुलगे आज पंचविशी ते चाळिशीच्या दरम्यान आहेत. तुमचा पेपर वाचतात, माझ्या दुकानात मोटार घेऊन येतात. पत्रलेखकांचा ‘काय उपयोग’ त्यांनीही वाचला असणार, म्हणून हे लिहायला घेतलं.

संपादकांना एक विनंती. अशी बातमी छापाल तेव्हा खाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापत जा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८. दोन ओळींची जागा लागेल. आणि तालमी व निवासी कुस्ती केंद्रं चालवणाऱ्यांना: माझा तुमच्यावर राग नाही, त्या मातीनं मला जोर मारायला शिकवलं. पण एकट्या मोठ्यानं एकट्या धाकट्याला घेऊन दार लावायचं नाही, हा नियम फळ्यावर लिहा. मालिश हौद्याशेजारी, सगळ्यांदेखत होऊ द्या. घर सोडून राहणाऱ्या पोराला आठवड्यातून एकदा घरच्यांशी कुणी न ऐकता फोनवर बोलू द्या. याला खर्च नाही.

माझं नाव आणि पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर आहे, तो छापू नये. तालुकाही नको. मला माझ्यासाठी आता तेवढं काही वाटत नाही, पण आई ऐंशीच्या पुढं आहे. तालमीला जाताना माझी पिशवी तीच भरून द्यायची. तिला सांगायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि ते ठरण्याआधी तिला पेपरातून कळायला नको.

पत्रलेखक सद्गृहस्थांना आणखी काही विचारायचं असेल तर याच सदरात विचारावं. पेपर दुकानात येतो. मी वाचतो.

आपला,
एक वाचक, सांगली जिल्हा